‘टेस्ट’ : एका खापराची कुळकथा

परक्या भाषेतून येणारे शब्द दोन प्रकारचे असतात. काही पाहुण्यांप्रमाणे ओसरीवर टेकतात आणि काम आटोपले की निघून जातात. काही मात्र थेट माजघरात शिरतात आणि घरचेच होऊन राहतात. ‘टेस्ट’ हा इंग्रजी शब्द या दुसऱ्या प्रकारचा आहे. डॉक्टर रक्ताची टेस्ट करावयास सांगतात, शाळेत मुलांची टेस्ट असते, नवे यंत्र कारखान्याबाहेर पडण्यापूर्वी त्याची टेस्ट होते, आणि क्रिकेटची टेस्ट चालू असली म्हणजे एरवी इंग्रजीच्या वाऱ्यासही न उभी राहणारी मंडळी कान टवकारून बसतात. या सर्व ठिकाणी शब्दाचा अर्थ एकच : पारख, चाचणी, कसोटी. परंतु हा शब्द जेव्हा प्रथम इंग्रजीत आला तेव्हा तो कोणत्याही परीक्षेचे नाव नव्हता. तो एका साध्या, ओबडधोबड भांड्याचे नाव होता.

लॅटिन भाषेत ‘टेस्टा’ म्हणजे भाजलेल्या मातीची वस्तू : कौल, मडके, खापर. कवचालाही तोच शब्द होता. त्याचेच भावंड ‘टेस्टुम’ म्हणजे मातीचे पात्र. त्यापासून जुन्या फ्रेंच भाषेत ‘टेस्ट’ हे रूप झाले, आणि चौदाव्या शतकात ते इंग्रजीत उतरले. इंग्रज कवी चॉसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’ या काव्यात किमयागाराच्या सेवकाची एक कथा आहे. तीत किमयागाराच्या सामानाची लांबलचक यादी येते. त्या यादीत इतर साहित्याबरोबर ही ‘टेस्टे’ही आहेत. तेथे त्यांचा अर्थ परीक्षा असा नसून सोन्यारुप्याचा कस काढण्याचे भांडे असा आहे.

याच ‘टेस्टा’चा दुसरा वंश अधिक गमतीचा आहे. रोमन लोक बोलण्याच्या ओघात माणसाच्या डोक्याला थट्टेने मडके म्हणू लागले. थट्टा रूढ झाली, आणि मूळचा भारदस्त शब्द मागे पडला. आजच्या इटालियन भाषेत ‘टेस्टा’ म्हणजे डोके. फ्रेंच भाषेतील डोक्याचा शब्दही त्याच मडक्यातून निघाला. गोव्यातील ज्या जुन्या पिढीने पोर्तुगीज शाळा पाहिली तिला ठाऊक असेल की, त्या भाषेत ‘टेस्टा’ म्हणजे कपाळ. हे ऐकून मराठी माणसाने आश्चर्य करू नये. आपले ‘कपाळ’ तरी कोठून आले? संस्कृतातील ‘कपाल’ म्हणजे वाडगा, खापराचा तुकडा आणि कवटीही. यज्ञातील पुरोडाश ज्या खापरांवर भाजीत त्यांना कपालेच म्हणत. मडक्याचे डोके आणि खापराचे कपाळ करण्याची बुद्धी तैबर नदीच्या काठी जशी सुचली तशीच ती गंगायमुनांच्या काठीही सुचली.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. ‘टेस्टामेंट’, ‘प्रोटेस्ट’, ‘टेस्टिमनी’ हे शब्द दिसण्यात ‘टेस्ट’चे सख्खे भाऊ वाटतात. वस्तुतः त्यांचे गोत्रच वेगळे आहे. ते लॅटिन ‘टेस्टिस’ म्हणजे साक्षीदार या शब्दापासून निघाले. दोघांच्या व्यवहारात जो तिसरा उभा असतो तो साक्षीदार, अशी त्या शब्दाची घडण सांगतात. तेव्हा ‘टेस्टामेंट’मध्ये साक्ष आहे आणि ‘टेस्ट’मध्ये खापर आहे. ‘आमटीला टेस्ट नाही’ असे जे घरोघर ऐकू येते, तो तर तिसराच शब्द. तो चवीचा. मराठी उच्चाराने त्याला या शब्दाच्या पंक्तीस आणून बसविले एवढेच.

आता ते भांडे काय काम करी ते पाहू. चांदीत तांबे मिसळले तरी काही प्रमाणापर्यंत तिचा रंग फारसा बदलत नाही. सोन्यातील भेसळही नुसत्या डोळ्यांना नेहमी कळत नाही. म्हणून पारख करणारा त्या धातूचा लहानसा तुकडा घेतो, अचूक तोलतो, आणि त्यात शिसे मिसळून एका उथळ वाटीत ठेवतो. ही वाटी जनावरांच्या हाडांच्या राखेची, दाबून घडविलेली आणि सच्छिद्र असते. भट्टीत तिच्यावर मोकळी हवा खेळू दिली म्हणजे तापलेल्या शिशाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्याचे मुरदाडशिंग बनते. हे वितळलेले मुरदाडशिंग तांब्यासारख्या हलक्या धातूंची भस्मे आपल्यात सामावून घेते आणि वाटीच्या अंगात मुरून जाते. सोने व चांदी यांना हवा शिवत नाही. शिशाचा शेवटचा पापुद्रा नाहीसा होताच वितळलेल्या मण्यावर क्षणभर एक झळाळी उठते. वाटीच्या तळाशी जो चकचकीत मणी उरतो तो पुन्हा तोलावयाचा. पहिल्या व दुसऱ्या वजनातील फरक म्हणजे हीण. मण्यात सोने व चांदी एकत्र असतील तर तो ठोकून पातळ करतात आणि नत्राम्लात उकळतात. चांदी विरघळते, सोने मागे राहते.

या क्रियेत एक सूक्ष्म गोष्ट आहे. भांडे येथे नुसते धातू धरून बसत नाही. हीण पिऊन घेण्याचे काम तेच करते. खऱ्यातून खोटे वेगळे व्हावे म्हणून जे स्वतः मलीन होते, ते हे खापर. एकदा वापरलेली वाटी पुन्हा त्या कामाची राहत नाही.

ही विद्या फार पुरातन आहे. बायबलच्या जुन्या करारात यिर्मया संदेष्टा आपल्या लोकांच्या हट्टाचे वर्णन करताना भाता, अग्नी आणि अग्नीत संपून जाणारे शिसे यांचा दाखला देतो, आणि एवढे करूनही हीण निघाले नाही अशी खंत करतो. ज्याने रुपे शुद्ध होताना पाहिले नाही त्याला तेथे शिसे आठवण्याचे कारण नव्हते. आपल्याकडे अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आइने-अकबरी’त बादशाही टांकसाळीची जी माहिती दिली आहे, तीत जमिनीत खड्डा करून त्यात बाभळीच्या लाकडाची राख भरावी, ती भिजवून थाळीसारखी घडवावी आणि तीत अशुद्ध चांदी शिशासह तापवावी अशी रीत सांगितली आहे. हाडांऐवजी बाभळीची राख आली, पण युक्ती तीच. युरोपात जर्मन पंडित जॉर्ज ऍग्रिकोला याने खाणी व धातू यांवर लॅटिनमध्ये एक मोठा ग्रंथ लिहिला. तो १५५६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, बाझल येथे छापला गेला. त्याचे सातवे प्रकरण केवळ धातूंच्या पारखीला वाहिलेले आहे. १९१२ मध्ये या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर एका खाणतज्ज्ञ दांपत्याने केले. त्यातील पती हर्बर्ट हूव्हर पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

आपल्या भाषेत मात्र या कामाचा मानाचा शब्द भांड्यावरून आला नाही. तो दगडावरून आला. संस्कृत ‘कष्’ म्हणजे घासणे. त्यापासून ‘निकष’, ‘कस’ आणि ‘कसोटी’ हे शब्द आले. काळ्या गुळगुळीत दगडावर सोने घासावे, उमटलेली रेघ ज्ञात कसाच्या रेघेशेजारी ठेवून पाहावी आणि निर्णय द्यावा, ही सराफाची पद्धत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही सोन्याच्या कामावरील अधिकाऱ्यासाठी ती सांगितली आहे. ‘बावनकशी सोने’ म्हणताना आपण त्याच दगडाचे नाव घेत असतो. परंतु अग्नीच्या पारखीलाही मराठी विसरलेली नाही. ‘तावून सुलाखून निघणे’ या वाक्प्रचारात ती जिवंत आहे. तावणे म्हणजे आगीत तापविणे, आणि सुलाखणे म्हणजे नाण्याला किंवा दागिन्याला बारीक भोक पाडून आतला धातू पाहणे. कसोटीचा दगड पृष्ठभागाची साक्ष देतो, सुलाख आत डोकावतो, आणि अग्नी अथपासून इतिपर्यंत सारे सांगतो. ही चढती भांजणी मराठी माणसाने एका वाक्प्रचारात साठवून ठेवली आहे.

कंपनी सरकारच्या राज्यात ही विद्या टांकसाळींतून पाश्चात्त्य पद्धतीने चालू लागली. १८१९ मध्ये कलकत्त्याच्या टांकसाळीत कस काढणाऱ्या अधिकाऱ्याचा मदतनीस म्हणून वीस वर्षांचा एक इंग्रज तरुण आला. त्याचा वरिष्ठ म्हणजे संस्कृत कोशकार होरेस हेमन विल्सन. हा तरुण जेम्स प्रिन्सेप. भट्टीतील उष्णता मिश्रधातूंच्या वितळण्यावरून कशी मोजावी यावर त्याने निबंध लिहिला, आणि हातातून जाणाऱ्या जुन्या नाण्यांवरील अक्षरे तो निरखू लागला. १८३७ मध्ये, सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरील अनेक लहान लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात हे पाहून त्याने ‘दानं’ हा शब्द ओळखला, आणि त्या किल्लीने ब्राह्मी लिपीचे कुलूप उघडले. अशोकाचे बोल कळण्याची वाट एका कस काढणाऱ्याच्या मेजावरून गेली आहे.

इंग्लंडात शेक्सपियरच्या काळापर्यंत ‘टेस्ट’ हा शब्द भांड्यातून बाहेर पडला होता. प्रथम ‘टेस्टवर चढविणे’ म्हणजे भांड्यात घालणे. मग ‘टेस्टला उतरणे’ म्हणजे पारखीत टिकणे. शेवटी माणसाचे प्रेम, निष्ठा, शहाणपण यांचीही टेस्ट होऊ लागली. भाषेत असे नेहमी घडते. वस्तू मागे राहते आणि तिचे काम शब्दाला चिकटून पुढे जाते. परंतु या शब्दाच्या प्रवासात अर्थाबरोबर आणखी काय पुढे गेले आणि काय मागे पडले, हे पाहण्यासारखे आहे. त्यासाठी इंग्लंडच्या इतिहासातील दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवावे लागतात.

पहिला प्रसंग नाण्यांचा. इंग्लंडच्या टांकसाळीतून निघणाऱ्या नाण्यांपैकी काही नाणी एका पेटीत बाजूला ठेवण्याची चाल फार जुनी आहे. या पेटीला ‘पिक्स’ म्हणतात. कॅथलिक चर्चमध्ये पवित्र ख्रिस्तप्रसाद ज्या डबीत ठेवतात तिचेही नाव हेच. ठराविक काळाने पेटी उघडून सोनारांची पंचमंडळी त्या नाण्यांचा कस काढतात. या तपासणीची माहिती १२८२ पासून मिळते, आणि ती आजही होत असते. नाणी हिणकस निघाली तर टांकसाळीच्या प्रमुखाला जाब द्यावा लागे. १७१० मध्ये असा प्रसंग आला. पंचांनी सोन्याची नाणी प्रमाणापेक्षा किंचित कमी कसाची ठरविली. टांकसाळीचा प्रमुख होता सर आयझॅक न्यूटन.

न्यूटनने नाणी पुन्हा तपासली आणि निराळाच प्रश्न उभा केला. नाणी ज्या प्रमाणपट्टीशी ताडून पाहिली ती पट्टी तरी बरोबर आहे काय? इंग्लंडचे सोन्याचे नाणे बावीस कॅरेटचे असावयाचे, आणि त्याच कसाची पट्टी १७०७ मध्ये नव्याने तयार केली होती. न्यूटनने प्रयोगाने दाखविले की ही पट्टीच नेमल्यापेक्षा अधिक शुद्ध उतरली आहे. अधिक शुद्ध पट्टी हीसुद्धा चुकीचीच पट्टी. अखेर ती बाजूला ठेवण्यात आली आणि १६८८ ची जुनी पट्टी पुन्हा वापरात आली. ज्याची परीक्षा होती त्याने परीक्षेचीच परीक्षा मागितली, आणि ती त्याला मिळाली.

दुसरा प्रसंग माणसांचा. १६७२ मध्ये राजा दुसरा चार्ल्स याने इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेरील लोकांना धर्मपालनाची काही मोकळीक दिली. पार्लमेंटला ती सहन झाली नाही. राजाला जाहीरनामा मागे घ्यावा लागला, आणि १६७३ च्या मार्चमध्ये एक कायदा झाला. त्याला इतिहासात ‘टेस्ट ॲक्ट’ असे नाव आहे. सरकारी हुद्दा धारण करणाऱ्याने राजनिष्ठेच्या शपथा घ्याव्यात, राजमान्य चर्चच्या पद्धतीने प्रभुभोजन घ्यावे, आणि मिस्साबलीतील भाकर व द्राक्षारस यांचे ख्रिस्ताच्या शरीररक्तात तत्त्वांतर होते हे आपण मानीत नाही असे जाहीर करावे, असा तो कायदा होता. कॅथलिक माणसाला यातील शेवटची अट म्हणजे आपल्या श्रद्धेचा गाभाच नाकारणे होते. ‘टेस्ट’ ती हीच. राजाचा सख्खा भाऊ जेम्स हा आरमाराचा मुख्य अधिकारी होता. त्याने त्याच वर्षी पद सोडले. १६७८ मध्ये हीच अट पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांस लागू झाली, आणि पिढ्यान् पिढ्या उमराव सभेत बसणाऱ्या कॅथलिक घराण्यांना दार बंद झाले.

आता हे भांडे त्या हाडांच्या राखेच्या वाटीशेजारी ठेवून पाहावे. राखेच्या वाटीत खरे मागे राहते आणि खोटे निघून जाते. या कायद्याच्या वाटीत पुष्कळदा उलट घडले. ज्याची श्रद्धा खरी होती आणि जो खोटे बोलू शकत नव्हता तो बाहेर पडला. ज्याला श्रद्धेचे सोयरसुतक नव्हते त्याला वर्षातून एकदा चर्चमध्ये जाऊन प्रभुभोजन घेण्यास काहीच अडचण नव्हती. प्रॉटेस्टंटांतील जे पंथ राजमान्य चर्चपासून वेगळे होते त्यांच्यापैकी काहींनी नोकरीपुरते तसे केले. त्याचा इतका बभ्रा झाला की, १७११ मध्ये अशा प्रसंगोपात्त भक्तीला शिक्षा देणारा आणखी एक कायदा करावा लागला, आणि तोही १७१९ मध्ये रद्द झाला. देवाच्या मेजवानीला सरकारी चाकरीचा दाखला करून टाकल्यावर दुसरे काय होणार? योग्यता मोजावयाची होती दर्यावर्दीची, हिशेबनिसाची, न्यायाधीशाची. आणि भांड्यात घातला त्याचा देव.

या दोन प्रसंगांची गाठ एका माणसाच्या आयुष्यात पडली होती. तो माणूस न्यूटनच. केंब्रिजच्या ज्या महाविद्यालयात तो फेलो होता त्याचे नाव ट्रिनिटी, म्हणजे त्रैक्य. तेथील फेलोंनी धर्मोपदेशकाची दीक्षा घ्यावी असा नियम होता. १६७५ मध्ये राजाज्ञेने त्याला त्यातून सूट मिळाली. त्याच्या मृत्यूनंतर उरलेल्या कागदांवरून, विशेषतः १९३६ च्या लिलावात बाहेर आलेल्या हस्तलिखितांवरून, हे उघड झाले आहे की त्रैक्याचा सिद्धांत त्याला मान्य नव्हता. हयातीत त्याने हे मत जाहीर केले नाही. केंब्रिजमध्ये त्याच्या अध्यासनावर त्याच्यामागून आलेल्या विल्यम व्हिस्टन याने तसेच मत उघडपणे मांडले, आणि १७१० च्या ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाने त्याला काढून टाकले. वर्ष तेच, नाण्यांच्या वादाचे. सोन्याच्या पट्टीविषयी न्यूटनला प्रश्न विचारता आला. श्रद्धेच्या पट्टीविषयी त्याने मौन पाळले. पट्टीच चुकली असेल, असे म्हणण्याची सोय तेथे नव्हती.

ही सोय व्हावयास दीडशे वर्षे लागली. १८२८ मध्ये प्रभुभोजनाची अट रद्द झाली. त्याच वर्षी आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातून डॅनियल ओकॉनेल हा कॅथलिक पुढारी पार्लमेंटवर निवडून आला. मतदारांनी निवडलेला माणूस केवळ शपथेच्या शब्दांमुळे आत येऊ शकत नाही, हे दृश्य सरकारला फार काळ झेपणारे नव्हते. १८२९ मध्ये कॅथलिकांना पार्लमेंटची दारे उघडणारा कायदा झाला. तथापि ओकॉनेलची निवड त्यापूर्वीची होती. म्हणून जुनी शपथ त्याच्यापुढे ठेवण्यात आली, त्याने ती नाकारली, आणि पुन्हा निवडून येऊनच तो आत जाऊ शकला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि डरहॅम येथील पदव्या व पदे बहुतांशी या बंधनातून सुटण्यास १८७१ चा कायदा यावा लागला.

माणसाची कसोटी घेऊच नये असा याचा अर्थ नाही. राज्य चालविणाऱ्याला माणूस पारखावाच लागतो. कौटिल्याने तर अमात्यांची निष्ठा धर्म, अर्थ, काम आणि भय या चार बाजूंनी गुप्तपणे तपासण्याची सविस्तर योजना दिली आहे. तिला तो ‘उपधा’ म्हणतो. पण हा कठोर आचार्य तेथेच एक इशारा देतो. राजाने स्वतःला किंवा राणीला अशा परीक्षेचे लक्ष्य करू नये, आणि स्वच्छ पाण्यात विष कालवावे तसे निर्दोष माणसाला परीक्षेच्या निमित्ताने बिघडवू नये. एकदा बिघडलेले मन पूर्वपदावर येईलच असा भरवसा नाही. अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठासाठी रा. प. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात सिद्ध केली, त्यामुळे हा भाग आज मूळ शब्दांत कोणालाही पाहता येतो. सोन्याला परीक्षेने काही होत नाही. भट्टीतून निघालेला मणी पूर्वी होता तेवढाच शुद्ध असतो. माणूस मात्र परीक्षेतून निघतो तेव्हा पूर्वीचा राहिलेला नसतो. धातू आणि माणूस यांतील हा भेद कौटिल्याने ओळखला होता.

विसाव्या शतकाने हा धडा पुन्हा एकदा गिरविला. १९०५ मध्ये पॅरिस येथे आल्फ्रेड बिने आणि त्याचा सहकारी थिओडोर सिमाँ यांनी मुलांच्या बुद्धीचे मोजमाप करणारी प्रश्नमालिका तयार केली. हेतू एवढाच की, वर्गात मागे पडणारी मुले वेळीच ओळखावीत आणि त्यांना निराळे साह्य द्यावे. बुद्धी जन्मतः ठरलेली आणि न वाढणारी असते या मताचा बिनेने निषेधच केला होता. पण वाटी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. १९१७ नंतर अमेरिकेच्या सैन्यात सुमारे साडेसतरा लाख जवानांना अशाच चाचण्या दिल्या गेल्या. त्यांत अमेरिकन बाजारातील मालाच्या नावांसारखे प्रश्न होते. नुकत्याच बोटीतून उतरलेल्या परदेशी मजुराला ती नावे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही १९२३ मध्ये कार्ल ब्रिगॅम या मानसशास्त्रज्ञाने त्या आकड्यांवरून कोणत्या देशाचे लोक बुद्धीने कमी ते ठरविणारे पुस्तक लिहिले. परदेशी लोकांना अमेरिकेत येऊ द्यावे की नाही या वादात असे आकडे फेकले गेले. नंतर १९३० मध्ये याच ब्रिगॅमने अशा चाचण्यांवरून निरनिराळ्या समाजांची तुलना करता येत नाही असे लिहून आपले जुने निष्कर्ष मागे घेतले. न्यूटनने पट्टीविषयी विचारलेला प्रश्न त्याने आपल्या पट्टीला विचारला. मात्र पट्टी खोटी ठरली तोवर तिच्यावरून माणसे मोजून झाली होती.

क्रिकेटच्या मैदानावर या शब्दाचे नशीब अधिक बरे निघाले. १८६१-६२ मध्ये इंग्लंडचा संघ प्रथम ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला तेव्हा तेथील वसाहतींशी झालेल्या सामन्यांना बळाची ‘टेस्ट’ म्हटले गेले. १८७७ च्या मार्चमध्ये मेलबर्न येथे झालेला सामना पुढे पहिला अधिकृत टेस्ट सामना मानला गेला. मराठीने त्याला ‘कसोटी सामना’ म्हटले, आणि नकळत भांड्याच्या जागी आपला दगड ठेवला. भारताचा पहिला कसोटी सामना २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर सुरू झाला. कर्णधार होते सी. के. नायडू, नागपूरला जन्मलेले आणि होळकरांच्या इंदूरला आपले म्हटलेले. पहिला विजय मिळाला १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रास येथे, पंचविसाव्या सामन्यात. तेव्हाचे कर्णधार विजय हजारे, सांगलीचे आणि बडोद्याकडून खेळलेले. खेळाच्या कसोटीत जे मोजावयाचे तेच मोजले जाते. बाजू दोन असतात आणि खेळपट्टी दोघांना एकच असते. म्हणून हरलेलाही निकाल मानतो.

आज हाडांच्या राखेची ती वाटी संग्रहालयात गेलेली नाही. जून २०२१ पासून आपल्या देशात सोन्याच्या दागिन्यांवर प्रमाणचिन्ह असणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे होऊ लागले, आणि ‘९१६’ हा आकडा गृहिणींच्या तोंडी बसला. हजार भागांत नऊशे सोळा भाग सोने, म्हणजे न्यूटनच्या नाण्यांचाच बावीस कॅरेट कस. क्ष-किरणांची यंत्रे दागिना न वितळविता अंदाज देतात. पण तीही कसोटीच्या दगडाप्रमाणे वरवरचे पाहतात. वाद उत्पन्न झाला म्हणजे शेवटचा शब्द अजूनही अग्नीचाच असतो.

मात्र तेथेही पारख करणारा एक शिस्त पाळतो. दागिन्याच्या तुकड्यांबरोबर त्याच भट्टीत, त्याच वेळी, तो ज्याचा कस आधीच ठाऊक आहे असा शुद्ध सोन्याचा तुकडा दुसऱ्या वाटीत ठेवतो. त्या ज्ञात तुकड्यात थोडी घट दिसली तर ती घट सोन्याची नव्हे, भट्टीची आणि वाटीची, हे तो जाणतो आणि तेवढी दुरुस्ती हिशेबात करतो. आपली वाटी निर्दोष आहे असे तो गृहीत धरीत नाही. मुलांपुढे प्रश्नपत्रिका ठेवणाऱ्याने, उमेदवाराला खुर्चीवर बसवून प्रश्न विचारणाऱ्याने, आणि दुसऱ्याच्या निष्ठेचा किंवा श्रद्धेचा कस काढू पाहणाऱ्याने भट्टी पेटविण्यापूर्वी हा दुसरा तुकडा आत ठेवला आहे ना, एवढे पाहावे. तो नसेल तर हाती येणारा आकडा सोन्याचा की खापराचा, हे सांगता येणार नाही.